पांगुना : भरपाई कोणाच्या हाती?

#थ्रेड

कुंपणावरची बोगनवेल आणि पॅसिफिक महासागरातील बोगनव्हिल बेट, दोघांनाही एकाच फ्रेंच दर्यावर्द्याचे नाव मिळाले आहे. बेटाचा आधुनिक इतिहास मात्र एका तांब्याच्या खाणीने घडवला.

1960 च्या दशकात पापुआ न्यू गिनीवर ऑस्ट्रेलियाचा अंमल होता. पांगुनाच्या डोंगरात तांबे सापडले. जमिनीखालचे खनिज सरकारचे, असे कायदा सांगत होता. बेटावरील नासिओई लोकांची रीत वेगळी. तेथे जमीन आईच्या कुळाकडून लेकीकडे जाते. तिच्यावरचा शब्द स्त्रियांचा.

1969 मध्ये किनाऱ्यावरच्या रोरोवाना गावात मोजणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, तेव्हा त्या उपटायला स्त्रियाच पुढे आल्या. उत्तरादाखल लाठ्या आणि अश्रुधूर मिळाला.

1972 मध्ये उत्पादन सुरू झाले. मोरोनी, डापेरा ही गावे खाणीच्या जागेवरून हलवली गेली. स्वामित्वधन तांब्याच्या किमतीच्या सव्वा टक्का, आणि त्यातलेही केवळ 5 टक्के जमीनमालकांना. हे 5 टक्केसुद्धा पॉल लापुन या स्थानिक लोकप्रतिनिधीने 1966 मध्ये झगडून मिळवलेले!

कंपनी काहीच करत नव्हती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिष्यवृत्त्या होत्या, प्रशिक्षण होते, नोकऱ्या होत्या. पण भरपाईचा पैसा कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेल्या पुरुषांच्या हाती पडत गेला. ज्यांच्या नावाने जमीन चालत आली होती त्या स्त्रिया, आणि विस्थापनानंतर वाढलेली तरुण पिढी, दोघेही यादीबाहेर राहिले. दरम्यान जाबा नदीच्या खोऱ्यात 1 अब्ज टनांहून अधिक खाणकचरा साचला.

1987 मध्ये या तरुणांनी जुन्या नेतृत्वाला बाजूला सारून जमीनमालकांची नवी संघटना उभी केली. अध्यक्षा पर्पेचुआ सेरेरो, सचिव फ्रान्सिस ओना. हा ओना पूर्वी कंपनीतच मोजणीदार होता. 1988 च्या नोव्हेंबरात पर्यावरण अहवालावरील बैठकीतून तो संतापून उठला. काही दिवसांतच खाणीचे विजेचे मनोरे सुरुंगांनी कोसळू लागले.

15 मे 1989 रोजी खाण बंद पडली. त्यानंतरच्या यादवीत आणि नाकेबंदीत किती माणसे गेली, याचे अंदाज 20,000 पर्यंत जातात. औषधांवाचून मेलेलेही त्यात आले.

2016 मध्ये रिओ टिंटोने कंपनीतील आपला 53.8 टक्के हिस्सा विनामोबदला सोडला. तत्कालीन कायद्यांचे आपण पालन केले होते, ही तिची भूमिका होती. ती खोटी नव्हती. ते कायदे कोणी आणि कोणासाठी केले होते, हे वर आलेच आहे.

2020 मध्ये 156 रहिवाशांनी ऑस्ट्रेलियात तक्रार नोंदवली. पुढच्या वर्षी कंपनीने खाणीच्या दुष्परिणामांच्या तपासणीचा खर्च उचलण्याचे मान्य केले. पहिला अहवाल डिसेंबर 2024 मध्ये आला, खाण बंद पडल्यानंतर 35 वर्षांनी.