काटकसरीचा चॅन्सलर

महिनाअखेर पगार हाती पडेल आणि निवृत्तीनंतर पेन्शन चुकणार नाही, या भरवशावर आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांची घडी बसलेली असते. राज्याची तिजोरीच रिकामी झाली, तर हा भरवसा कोणी व कसा सांभाळावा? १९३० साली जर्मनीत हा प्रश्न एका श्रद्धावंत कॅथलिक पुढाऱ्यापुढे उभा ठाकला.

हाइनरिख ब्रूनिंग हे म्युन्स्टरचे. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर लढले. पुढे ख्रिस्ती कामगार चळवळीत वावरले आणि कॅथलिकांच्या सेंटर पक्षातर्फे संसदेत गेले. आजन्म अविवाहित, राहणी अत्यंत साधी. मार्च १९३० मध्ये ते चॅन्सलर झाले, तेव्हा मंदीने करांचे उत्पन्न आटत होते आणि बेकारभत्त्याचा बोजा वाढत होता. १९२३ च्या चलनवाढीत जन्माची पुंजी मातीमोल झालेली जनता नोटा छापण्याच्या कल्पनेनेच शहारत होती.

ब्रूनिंग यांनी काटकसरीची वाट धरली. सरकारी पगारांत डिसेंबर १९३० च्या वटहुकुमाने ६ टक्के, जून १९३१ मध्ये ४ ते ८ टक्के आणि त्याच डिसेंबरात आणखी ९ टक्के कपात झाली. निवृत्तांच्या व युद्धात जायबंदी झालेल्यांच्या वेतनालाही कात्री लागली. किमती व घरभाडी उतरविण्याचे हुकूमही निघाले. तथापि १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. लोक त्यांना 'उपासमारीचा चॅन्सलर' म्हणू लागले.

याच काळात, १५ मे १९३१ रोजी, पोप अकरावे पायस यांचे 'क्वाद्राजेसिमो आन्नो' हे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. कामगाराचे वेतन त्याच्या कुटुंबाला पुरेसे असावे, तसेच ते ठरविताना सर्वांच्या हिताचाही विचार व्हावा, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा कपात ही सर्वथा पापच, असे आम्ही म्हणणार नाही. ब्रूनिंग यांना दुसरा मार्ग उपलब्ध होता काय, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही.

आमच्या मनाला सलतात त्या दोन गोष्टी. पहिली, हा त्याग जनप्रतिनिधींच्या संमतीने मागितला गेला नाही. १९३१ साली संसदेने ३४ कायदे केले, तर वटहुकूम निघाले ४४. दुसरी, पेन्शनीला कात्री लागत असता पूर्वेकडील कर्जबाजारी जमीनदारांना सरकारी मदत मिळत होती. दिवाळखोर जमिनींवर बेकारांना वसविण्याची योजना सरकारने आखली, तेव्हा त्याच जमीनदारांनी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे कान भरले आणि ३० मे १९३२ रोजी ब्रूनिंग पायउतार झाले. दोनच महिन्यांनी हिटलरच्या पक्षाने २३० जागा जिंकल्या. १९३४ साली ब्रूनिंग यांना देश सोडावा लागला. १९७० मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला शंका नाही. परंतु घासातला घास मागणाऱ्याने आधी सर्वांना एका पंगतीला बसवावे लागते. ते राहून गेले, आणि त्या रिकाम्या पाटावर द्वेष येऊन बसला.