बिडी कामगार चळवळ (भंडारा जिल्हा)

पूर्व विदर्भातील बिडी वळणाऱ्या मजुरांचे विसाव्या शतकातील संघटित लढे. 1999 पर्यंत गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच असल्याने ही नोंद दोन्ही भागांना लागू आहे.

जंगलातला तेंदूपत्ता, गोंदियाचे रेल्वे जंक्शन आणि कोरडवाहू शेतीने रिकामे ठेवलेले हात यांवर हा धंदा वाढला. त्यातले सर्वांत परिचित कारखानदार म्हणजे गोंदियाचे मनोहरभाई पटेल. मजुरी हजार बिड्यांमागे मिळे. सट्टेदार, म्हणजे मधला ठेकेदार, पान-तंबाखू तोलून देई आणि माल घेताना ‘छाट’ काढी. छाटलेल्या बिडीचे पैसे मिळत नसत. मजुरांचा खरा राग दरापेक्षा या छाटीवर होता असे म्हणावे लागते.

1919 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली. पण आयटकचा पाया गिरण्या आणि रेल्वे हा होता. बिडी मजुरांपर्यंत संघटना पोहोचवली ती कामठीच्या बाबू हरदास एल. एन. (1904–1939) यांच्यासारख्या आंबेडकरी कार्यकर्त्यांनी, कारण इथे मजुरीचा प्रश्न जातीपासून वेगळा काढताच येत नव्हता. मात्र या आंबेडकरी बळाला निवडणुकीत यश आले नाही: दोन जागांच्या भंडारा मतदारसंघातील 1954 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री राहिलेले डॉ. आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले; सर्वसाधारण जागा समाजवादी अशोक मेहतांनी जिंकली.

चळवळीच्या उताराचे बीज कायद्यातच होते. मध्यप्रांताच्या 1937 च्या कायद्याने बिडी कारखान्यांवर नियम आणले, तसे मालकांनी काम घरोघर वाटायला सुरुवात केली. 1960 च्या अखेरीस नागपूरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कारखान्यात आपल्या सोयीने येऊन वळणारेही कामगारच ठरवले. घरी वळणाऱ्यांना 1966 च्या कायद्याने कक्षेत घेतले आणि 1976 मध्ये कल्याण निधी आला. तोवर वळणाऱ्या बहुतांशी बायका आपापल्या ओसरीवर विखुरल्या होत्या. एका छपराखाली न बसणाऱ्यांचा संप होणार कसा? पुढे धंदाच आटला. निधीचा उपकर 2017 मध्ये जीएसटीबरोबर रद्द झाला. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 मध्ये केलेला क्रमांक 177 चा करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.