पिअरीची सामुद्रधुनी: एका नकाशाचा निकाल

४ जुलै १८९२ रोजी अमेरिकी संशोधक रॉबर्ट पिअरी ग्रीनलंडच्या ईशान्येकडील नेव्ही क्लिफ या कड्यावर पोचला. समोरचा देखावा पाहून त्याने अनुमान केले, की इथून एक सामुद्रधुनी पश्चिमेला जाते आणि पलीकडची भूमी हे स्वतंत्र बेट आहे. ‘पिअरी चॅनेल’ नकाशात आली ती अशी.

१९०६ मध्ये निघालेल्या ‘डॅनमार्क’ मोहिमेचा प्रमुख लुडविग मिलियुस-एरिक्सन, नकाशाकार हॉय हागेन आणि ग्रीनलंडचा यॉर्गेन ब्रॉनलुंड हे १९०७च्या वसंतात ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर गेले. किनारा जुन्या नकाशापेक्षा कितीतरी पूर्वेला पसरलेला निघाला आणि वाट लांबली. उन्हाळ्यात बर्फ वितळल्याने ते डॅनमार्क फ्योर्डमध्ये अडकले. तिघांपैकी कोणीही परतले नाही.

मार्च १९०८ मध्ये त्याच मोहिमेतील योहान पीटर कॉख आणि टोबियास गाब्रिएलसेन यांना लॅम्बर्ट लँडवर ब्रॉनलुंडचा मृतदेह सापडला. त्याच्याजवळ हागेनने काढलेले नकाशाचे आराखडे आणि स्वतःची रोजनिशी होती. रोजनिशी ग्रीनलंडी भाषेत आहे. अखेरची नोंद मात्र डॅनिशमध्ये. हागेन १५ नोव्हेंबरला गेला, मिलियुस-एरिक्सन त्यानंतर सुमारे दहा दिवसांनी, असे ती सांगते. आपले पाय हिमदंशाने निकामी झाल्याचे आणि अंधारामुळे पुढे जाता येत नसल्याचेही ब्रॉनलुंडने त्यात लिहिले आहे.

आराखड्यांमुळे किनाऱ्याची रेषा वाचली. पण सामुद्रधुनीविषयी खुद्द मिलियुस-एरिक्सनचे लेखी निवेदन हाती आले ते १९१० मध्ये. नंतरच्या शोधमोहिमेतील आयनार मिकेल्सेन आणि इव्हर इव्हर्सन यांना डॅनमार्क फ्योर्डच्या काठी त्याने रचलेल्या दगडांच्या राशीत ते मिळाले. पिअरी चॅनेल अस्तित्वात नाही, नेव्ही क्लिफ पलीकडच्या भूमीला जोडलेलाच आहे, असे त्यात नोंदवले होते. १९१२ मध्ये क्नूड रासमुसेन आणि पीटर फ्रॉयशेन यांनी तिथे जाऊन हे प्रत्यक्ष पडताळले.

पिअरीच्या नकाशानेच तिघांचा बळी घेतला, असे म्हणण्याचा मोह होतो. उपलब्ध कागदपत्रे मात्र तेवढे सिद्ध करत नाहीत. चुकीच्या नकाशांनी वाट लांबवली, हे खरे. पण घात केला तो वितळत्या बर्फाने, थंडीने आणि काळोखाने. पिअरीवर दोष ठेवायचा तर एवढाच, की दुरून केलेले अनुमान त्याने पाहिलेल्या वस्तुस्थितीसारखे नकाशात उतरवले.