पहिल्या एप्रिलची किंमत

दिवाळीच्या तोंडावर भिंतींना रंग लागला की आपले घर आपल्यालाच थोडे भारी वाटू लागते. सरकारदरबारी मात्र घराची किंमत रंगावर ठरत नाही, तारखेवर ठरते. इंग्लंडात ही तारीख आहे १ एप्रिल १९९१. आज बांधून पुरे झालेल्या घराची पट्टीदेखील तिथे ‘हे घर त्या दिवशी उभे असते तर केवढ्याला गेले असते’ या कल्पित किमतीवर बसते. मग त्या दिवशी त्या जागी गवत का उगवत असेना! ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटेल. पण तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीत १६०१ साली गोरगरिबांच्या पोषणासाठी गावोगाव पट्टी घेण्याचा कायदा झाला. पुढे ती घराच्या संभाव्य भाड्यावर आकारली जाऊ लागली. अशा पट्टीला मधूनमधून फेरआकारणी लागतेच. पण ज्याची पट्टी वाढते तो जेवढा ओरडतो, तेवढा जिची घटते तो दुवा देत नाही. १९८५ साली स्कॉटलंडात फेरआकारणी झाली तेव्हा असा गदारोळ उठला, की मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने घराकडे पाहणेच सोडले आणि माणशी कर काढला. बड्या हवेलीतला उमराव आणि दोन खोल्यांतला कामगार, दोघांना एकच दर! गरिबांना सूट होती, तरी लोक खवळले. स्कॉटलंडात हा कर १९८९ मध्ये आला, इंग्लंड-वेल्समध्ये १९९० मध्ये. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात दंगल उसळली. त्याच नोव्हेंबरात थॅचरबाई पायउतार झाल्या. त्यात या कराचा वाटा मोठा होता.

मग पुन्हा घराकडे वळणे आले, आणि तेही घाईने. १ एप्रिल १९९३ पासून नवा ‘काउन्सिल टॅक्स’ सुरू व्हायचा होता. दोन कोटींवर घरांची किंमत ठरवायची, तर आत जाऊन पाहायला सवड कुणाला? पुष्कळ घरे रस्त्यावरूनच पाहिली गेली. मोटार हळूहळू हाकीत केलेल्या या कामाला लोकांनी ‘दुसऱ्या गिअरातली आकारणी’ असे नाव ठेवले. म्हणून नेमकी किंमत न लिहिता ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ श्रेणी केल्या. इंग्लंडात ४०,००० पौंडांपर्यंतचे घर ‘ए’त, ५२,००० पर्यंतचे ‘बी’त, ६८,००० पर्यंतचे ‘सी’त, ८८,००० पर्यंतचे ‘डी’त, आणि ३,२०,००० च्या वरचे सगळे ‘एच’मध्ये. एकाच गावात ‘एच’वाला ‘ए’वाल्याच्या तिप्पट कर भरतो, अधिक नाही, मग त्याचा वाडा कितीही मोठा असो.

घाईच्या कामात चुका राहतातच. त्या शोधण्याची रीत मला इतिहास-संशोधकाच्या कामासारखी वाटते. आधी शेजाऱ्यांच्या श्रेणी पाहाव्यात. त्यांची यादी सर्वांना खुली असते. आपल्यासारखीच बांधणी असलेली घरे खालच्या श्रेणीत दिसली, तर दुसरा पुरावा शोधावा. १९९५ पासूनच्या विक्रीच्या किमती जमीन-नोंदणीच्या दप्तरात सापडतात. तिथून निर्देशांकाचे बोट धरून मागे चालायचे. समजा, एखादे घर १९९७ मध्ये ६३,००० पौंडांना विकले गेले आणि त्या भागाचा निर्देशांक १९९१ मध्ये १०० असताना १९९७ मध्ये १०५ होता. तर ६३,००० ला १०५ ने भागून १०० ने गुणावे. उत्तर ६०,०००, म्हणजे ‘सी’. हेच घर ‘डी’त बसवले असेल तर दाद मागण्यास जागा आहे. मात्र निर्देशांक सरासरीचा असतो, एका घराचा नव्हे. आणि दाद मागणाऱ्याची श्रेणी कधीकधी उतरण्याऐवजी चढते. शेजाऱ्यांची साक्ष व किमतीची साक्ष जुळल्याशिवाय दार ठोठावू नये.

पण श्रेणी अचूक असली म्हणून न्याय झाला असे नाही. १९९१ नंतर लंडनच्या किमती गगनाला भिडल्या. उत्तरेकडच्या कित्येक गावांत त्या मानाने फारच कमी वाढल्या. वेल्सने धीर करून २००३ च्या किमती धरल्या आणि त्या २००५ पासून लागू केल्या. तीन घरांमागे सुमारे एक घर वरच्या श्रेणीत गेले. तो अनुभव डोळ्यांपुढे असताना इंग्लंडची ठरलेली फेरआकारणी त्याच वर्षी पुढे ढकलली गेली.

आपण हसण्याचे कारण नाही. मुंबईत १९४७ च्या भाडेकायद्याने असंख्य जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जखडले, आणि घरपट्टी भाड्यावर बसत असल्याने तीही तिथेच अडकली. दादर-गिरगावच्या जुन्या चाळींना त्या तारखेने आसरा दिला, हे खरे. पण नव्या इमारतीतला शेजारी तेवढ्याच जागेसाठी कितीतरी अधिक पट्टी भरत राहिला. २०१० पासून महापालिकेने भांडवली मूल्यावर आकारणी धरली, तेव्हा कुठे ती गाठ सुटू लागली.

मला वाटते, जुनी तारीख टिकते ती कुणाला प्रिय असते म्हणून नव्हे. ती बदलली तर ज्यांचे नुकसान होईल, त्यांना ते आधीच ठाऊक असते. जे आज जास्त भरीत आहेत, त्यांना मात्र आपण जास्त भरतो याचा पत्ताही नसतो. म्हणूनच आपल्या पट्टीच्या पावतीवरचा आकडा कोणत्या वर्षाच्या किमतीवरून आला, हे प्रत्येकाने एकदा तरी विचारावे.