उणे २० टक्के आर्द्रता : दवबिंदूच्या जुन्या नोंदी कशा वाचायच्या?



मागच्या वर्षी माझ्या एक्सेल शीटमध्ये एका ओळीत सापेक्ष आर्द्रता आली उणे २० टक्के. आता आर्द्रता शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. मी आधी टायपिंगची चूक शोधली, ती सापडली नाही. मग लक्षात आलं की मी सूत्रच चुकीच्या ठिकाणी वापरलं होतं. संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी आज तीच गोष्ट.

सुरुवात वसमतपासून करू. फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात गेलात, तर शिजवलेली हळद ताडपत्रीवर वाळत घातलेली दिसेल. संध्याकाळी ती झाकतात आणि सकाळी ऊन चढलं की उघडतात. समजा, दिवसभर हवेतली वाफ साधारण तेवढीच आहे. तरी सकाळी हळद वाळत नाही आणि दुपारी झपाट्याने वाळते, हे कसं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हवा थंड करत नेली की एका तापमानाला तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं, तो दवबिंदू. हवेत वाफ किती आहे, हे त्यावरून कळतं. सापेक्ष आर्द्रता वेगळंच सांगते: आत्ताच्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, त्याच्या किती टक्के आहे.

गणित सोपं आहे. दवबिंदूच्या तापमानाचा संपृक्त बाष्पदाब घ्या, त्याला हवेच्या तापमानाच्या संपृक्त बाष्पदाबाने भागा आणि १०० ने गुणा. उदाहरणासाठी दवबिंदू १२ अंश सेल्सिअस धरू. त्याचा बाष्पदाब सुमारे १४ हेक्टोपास्कल. सकाळी तापमान १८ अंश असेल तर तिथला संपृक्त दाब २०.६, म्हणजे आर्द्रता ६८ टक्के. दुपारी ३६ अंशांना हाच दाब ५९ च्या आसपास जातो आणि आर्द्रता उरते २४ टक्के. वाफ तीच, आकडा मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आला!

मी काय केलं होतं? एक सोपा नियम वापरला होता: तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंश फरकामागे १०० मधून ५ टक्के वजा करा. सकाळसाठी उत्तर येतं ७०, म्हणजे ठीकच. दुपारी फरक २४ अंशांचा, म्हणून १०० वजा १२०. झाली उणे २०! मार्क लॉरेन्स यांनी २००५ साली या नियमावर लेख लिहिला, त्यात तो ५० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेसाठीच चालतो असं स्पष्ट म्हटलंय. मी नियम उचलला, मर्यादा वाचलीच नाही.

आता इतिहासाकडे येऊ. दख्खनच्या कोरड्या हवेने आधीच्या निरीक्षकांपुढेही प्रश्न उभा केलाच असणार. १८२० मध्ये जॉन फ्रेडरिक डॅनियल या इंग्रज शास्त्रज्ञाने दवबिंदू मोजायचं उपकरण मांडलं. नळीने जोडलेले काचेचे दोन गोळे आणि आत ईथर. एका गोळ्यावरच्या मलमलीवर ईथर टाकायचं, तो गार झाला की दुसऱ्या गोळ्यातलं ईथर उडू लागतं आणि तोही गार होतो. त्यावर दव दिसलं की आतला थर्मामीटर वाचायचा. आता विचार करा, आपल्या उदाहरणातल्या दुपारी हा गोळा २४ अंशांनी थंड करावा लागेल, तेव्हा कुठे दव दिसेल. दमट हवेत हेच काम चार-पाच अंशांत उरकतं.

याच काळात कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. त्याचा दख्खनच्या हवामानावरचा मोठा लेख १८३५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. वसमत तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे साइक्सच्या कामाच्या मुलखाबाहेर. पण पठार तेच, आणि कोरडी दुपारही तीच.

आता मुद्दा बघा. बाष्पदाबाचं जे सूत्र सुधारून आपण आजही वापरतो, ते बर्लिनच्या गुस्टाव्ह मॅग्नसने १८४४ मध्ये दिलं, म्हणजे साइक्सच्या लेखानंतर ९ वर्षांनी. त्याआधी काढलेली आर्द्रता जुन्या कोष्टकांवर अवलंबून होती. नोंदीत तापमान आणि दवबिंदू दोन्ही असतील, तर आज नव्या सूत्राने आपण आर्द्रता पुन्हा काढू शकतो. नुसते टक्के लिहिलेले असतील, तर कोष्टकाची चूक त्यातच अडकून पडते आणि सोडवायला काही हाताशी राहत नाही.

म्हणून जुनी नोंद हातात आली की तीन प्रश्न विचारा. निरीक्षकाने प्रत्यक्ष काय मोजलं आणि गणिताने काय काढलं? गणित कोणत्या कोष्टकावरून केलं? आणि वेळ कोणती? भारतीय हवामान खातं आजही सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता वेगवेगळी देतं, ते उगाच नाही. वेळ नसलेल्या ६८ टक्क्यांवरून हळद वाळेल की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही.

आणि हो, तुमच्या स्वतःच्या शीटमध्ये मोजलेल्या आकड्यांचा रकाना कधीच पुसू नका. माझी उणे २० ची ओळ त्यामुळेच दुरुस्त करता आली: तापमान आणि दवबिंदू तिथेच शेजारी लिहिलेले होते.