हिरवा कागद, भिंतीची ओल व बालकांचा श्वास

जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांस बुरशीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु कागदांचा नाश करणारी हीच बुरशी घराच्या भिंतीवर चढली म्हणजे लेंकरांच्या श्वासास कशी बाधते, याचा निर्णय व्हावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. तो इतिहास पुराव्यांची पारख करणाऱ्यांस बोधप्रद असल्यामुळें येथें थोडक्यांत देतों.

राहण्याची जागा व श्वासरोग यांचा संबंध आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत हिक्का व श्वास यांच्या कारणांमध्यें धूळ, धूर व वारा यांजबरोबर थंड जागीं राहणें हेंही गणिलें आहे.

युरोपांत मात्र एका रंगामुळें या प्रश्नास निराळें वळण लागलें. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यानें १७७५ सालीं तांबें व सोमल यांपासून एक हिरवा रंग सिद्ध केला. पोथींतील चूक ज्या हरताळानें झांकीत, तोही सोमलाच्याच कुळांतला. परंतु शेलेचा रंग भिंतीस चिकटविण्याच्या कागदांवर चढून मुलांच्या निजण्याच्या खोल्यांत शिरला. असा कागद लावलेल्या ओलसर खोल्यांत उंदरांसारखा दर्प येतो व तेथें राहणें अपायकारक आहे, असा इशारा हायडेलबर्ग येथील अध्यापक ग्मेलिन यानें १८३९ सालीं दिला. १८६२ सालीं लंडनच्या लाइमहाउस भागांत एकाच घरचीं चार मुलें दगावलीं. प्रथम घटसर्पाचें निदान झालें होतें. मागाहून संशय हिरव्या कागदावर गेला.

पुढें १८९० नंतर इटालियन वैद्य गोसिओ यानें सोमल मिसळलेल्या बटाट्याच्या लगद्यावर बुरशी वाढविली, व तिच्यापासून लसणीच्या वासाचा वायु निघतो असें दाखविलें. हा वायु ट्रायमेथिलआर्सीन होय, हें लीड्स येथील चॅलेंजर यानें १९३० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत निश्चित केलें. अपराधी सांपडला, असें सर्वांस वाटलें. परंतु २००५ सालीं कलन व बेंटली यांनीं मूळ पुरावे फिरून तपासले, तेव्हां हा वायु समजत होते तितका विषारी नाहीं असें आढळलें. एका बखरींतील विधान पुढील बखरकारानें न तपासतां उतरून घ्यावें, तसाच हा प्रकार झाला होता.

मात्र वायूवरील आरोप ढिला पडला म्हणून बुरशी निर्दोष ठरत नाहीं. तिचे सूक्ष्म बीजकण व तंतूंचे तुकडे हवेंत तरंगतात. बालकांच्या श्वासनलिका अरुंद असल्यानें थोड्या सुजेनेंही त्या कोंडतात. ओल व बुरशी असलेल्या घरांत श्वसनाच्या तक्रारी, संसर्ग व दम्याचा जोर हीं वाढतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं काढला. इंग्लंडांत रॉचडेल येथें अवाब इशाक हा दोन वर्षांचा बालक २०२० च्या डिसेंबरांत वारला; घरांतील बुरशीशीं दीर्घकाळ संबंध आल्यानें झालेला श्वसनविकार हेंच मृत्यूचें कारण, असा निर्णय मृत्युचौकशी अधिकाऱ्यानें २०२२ सालीं दिला. त्यावरून २०२३ सालीं तेथें कायदा झाला.

आतां स्वतःची चूक सांगतों. एका पावसाळ्यांत भिजलेल्या पोथ्यांचीं बासनें मीं नातू निजे त्या खोलींत ठेविलीं. त्याचा खोकला हटेना. डॉक्टरांनीं औषधाआधीं खोलीची चौकशी केली. बासनें हलविलीं, गळती भिंत दुरुस्त केली, आणि खोकला उतरला. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाहीं, हें मी जाणतों. तथापि संग्राहकांस विनंती कीं, बुरशी धरलेलें बासन मुलांच्या खोलींत ठेवूं नये. तें नाकातोंडास फडकें बांधून बाहेर उघडावें. आणि भिंतीवरील डाग रंगानें झांकण्यापूर्वीं ओल कोठून येते तें शोधावें. पोथींतील चुकीवर हरताळ चालतो, भिंतीच्या ओलीवर चालत नाहीं.