बाजारातले पाल आणि स्वतःचे दुकान

१/ कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर–आष्टी रेल्वे सुरू झाली आणि हे गाव लोहमार्गाने बाहेरच्या जगाशी जोडले गेले. दूरच्या ग्राहकापर्यंत जाणारा दुसरा मार्ग आता मोबाइलच्या पडद्यावरून जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप फुकट उपलब्ध असताना अशा गावातील व्यावसायिकाने पदरमोड करून स्वतःचे संकेतस्थळ का चालवावे?

२/ प्रश्न नवा वाटतो. परंतु त्याचे एक उत्तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. माल उत्तम असूनही तो पटवून द्यावा लागतो, हा त्यातला धडा.

३/ वर्तमानपत्रातील चार ओळींची जाहिरात लक्ष वेधते. विश्वास संपादन करण्यास मात्र अधिक जागा आणि अधिक काळ लागतो. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे स्वतःचे नियतकालिक सुरू केले.

४/ ‘खबर’ मालाच्या माहितीपुरती मर्यादित राहिली नाही. १९२९ मध्ये तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यातून प्रसिद्ध झाले. पाठोपाठ ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके आली. ज्या घरांना नांगराची कधी गरजच पडली नाही, तेथेही कारखान्याचे नाव आदराने पोहोचले.

५/ इंटरनेटच्या युगात हाच अनुभव पुन्हा आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. १९९६ मध्ये ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले. २००४ मध्ये आलेले ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडले, गुगल प्लस २०१९ मध्ये. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली. त्यांवर जमवलेला प्रेक्षकवर्ग एका निर्णयासरशी विखुरला. ‘मायबोली’ मात्र टिकून राहिली.

६/ कारण मालकीत आहे. समाजमाध्यमावरील अनुयायांची यादी कंपनीच्या हाती असते; कोणाला काय दिसावे, हेही तीच ठरवते. स्वतःचे डोमेन दरवर्षी शुल्क भरून राखता येते. साठवणुकीची सेवा देणारी कंपनी बदलली, तरी पत्ता तोच राहतो. २०१४ पासून तर ‘.भारत’मुळे तो देवनागरीतही घेता येतो.

७/ याची दुसरी बाजूही आहे. संकेतस्थळ उभारल्याने ग्राहक आपोआप येत नाही. वर्षानुवर्षे न बदललेले दर आणि बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक असलेल्या पानाने नाव खराबच होते. गावापुरत्या किराणा दुकानाला नकाशावरील नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरते. परंतु शेतीची अवजारे, बियाणे, प्रक्रिया केलेला माल, म्हणजे जे समजावून सांगावे लागते आणि ज्याचा ग्राहक दूर आहे, त्यासाठी स्वतःचे संकेतस्थळ आजही उपयुक्त ठरते.

८/ आठवडी बाजारात पाल टाकणारा दुकानदार गावातले दुकान मोडत नाही. गर्दी बाजारात भेटते. बाजार उठल्यावर ग्राहक शोधत येतो, तो दुकानाचा पत्ता. किर्लोस्करवाडीने १९२० मध्ये तो पत्ता कागदावर निर्माण केला होता.